उलाळ

वारा कसला मेला, जुना दावा साधायला आल्यासारखा आला. घडीभरच टिकला असेल. पण तेवढ्यात त्याने पिंपरखेडीच्या शिवारातली केळी अशी लोळवली, की सकाळी बांधावर उभं राहिल्यावर आपली बाग कुठे संपते नि शेजाऱ्याची कुठे लागते तेच कामिनीला कळेना. काल दुपारपर्यंत बागेत शिरलं की आत ऊन पोचत नव्हतं. आज जिकडे पाहावं तिकडे मे महिन्याचं ऊनच ऊन, आणि त्या उन्हात कमरेत मोडलेली खोडं एकावर एक पडलेली. त्यांच्या पोटाखाली घड दबलेले. भरलेले, हात लावला की गार लागणारे घड. पुढच्या आठवड्यात कापायचे होते ते.

सासू बेबाबाई, घरातल्यांची अक्का, मटकन खालीच बसली आणि गावातलं कुणी गेल्यासारखी गळा काढून रडायला लागली.

"रडून काय ते उभे राह्यतीन?" सासरा जीवराम म्हणाला. सगळं घर त्याला आबा म्हणायचं. म्हातारा मोठा कणखर. "कोयते काढा. ऊन चढायच्या आधी घड सोडवा."

पडलेल्या केळीचं एक असतं. घड झाडावर आहे तोवर त्याचा रुबाब. झाड पडलं की तो एका दिवसाचा पाहुणा. उन्हाचा चटका बसून साल काळं पडतं, दुसऱ्या दिवशी व्यापारी तोंड फिरवतो, आणि तिसऱ्या दिवशी म्हशीसुद्धा हुंगून पुढे जातात. म्हणून कामिनीने पहिला फोन लावला तो सावद्याच्या व्यापाऱ्याकडच्या हितेंद्रला.

"वहिनी, पडलेला माल मी फक्त आज घेतोय," हितेंद्र म्हणाला. मागे माणसांचा कालवा ऐकू येत होता. "एकच ट्रक लागलाय. भरला की सुटला. उद्या फोनसुद्धा करू नका. सगळ्या केळीपट्ट्याचा माल पडलाय."

"कधीलोक थांबंल ट्रक?"

"येईल त्याचा भरतोय. दिवस मावळायच्या आत निघेल. तुमचा माल तुम्ही आणायचा, आमच्याकडे माणूस नाही."

कामिनीने फोन पदराच्या टोकाला बांधला आणि कोयता उचलला. तिचं जे काही होतं ते या बागेत होतं. भुसावळला रेल्वेच्या वस्तीजवळ दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं, नवरा योगराज पिकअपवर भाडी मारायचा, बरं चाललं होतं. तिनेच त्याच्या मागे लकडा लावला होता. गावी जाऊ, वाटणी झालीच आहे तर आपली केळी लावू, दुसऱ्याच्या सामानामागे किती दिवस धावायचं? योगराज शेवटपर्यंत नाही म्हणत होता. ही त्यांची पहिली बाग. ही गेली तर पुन्हा भुसावळ. आणि पुन्हा भुसावळ म्हणजे जन्मभर त्याने काही न बोलणं. त्याचं न बोलणं तिला वाऱ्यापेक्षा वाईट वाटायचं.

अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी. घरात ट्रॅक्टर नव्हता. वाटणीत ट्रॅक्टर थोरल्या लीलाधरला गेला आणि ट्रॉली धाकट्या योगराजला. अशी वाटणी करणाऱ्याचं डोकं तपासून घ्यायला हवं. पण ती आबानेच केली होती. दोघं भाऊ एकमेकांना धरून राहतील, एकाच्या ट्रॅक्टरला दुसऱ्याची ट्रॉली लागेल, असा त्याचा हिशेब. भाऊ काय धरून राहतात! लीलाधरने पुढच्याच दिवाळीला स्वतःची दुसरी ट्रॉली घेतली आणि धाकट्याची ट्रॉली गोठ्यामागे गवतात रुतून बसली.

तरी कामिनी गेली. डोक्यावर पदर घेऊन थोरल्या दिराच्या बांधावर उभी राहिली. लीलाधर टोळीतल्या मजुरांना ओरडत होता, त्याचीही बाग आडवीच होती.

"भाऊ, एक चक्कर टाका ना आमची सावद्याले. ट्रॉली आमची घ्या."

लीलाधरने तिच्याकडे पाहिलंच नाही. "माहा माल डोयासमोर सडू राह्यला, दिसत नही का तुले? माहं उरकू दे आधी."

"कधी उरकंल?"

"उरकंल तव्हा उरकंल!" तो मजुरांकडे वळून म्हणाला, "भुसावळची शहाणी! पिकअप हाये ना घरात? कायले ठेवली, फिराले?"

मजूर हसले. त्यातल्या एका बाईने मात्र मान खाली घातली. कामिनी परत फिरली तेव्हा तिचे कान तापले होते, आणि त्यात उन्हाचा वाटा थोडाच होता.

पिकअप होतीच. पहिली खेप त्यांनी तिच्यातच भरली, आणि हावरटासारखी भरली. योगराज म्हणत होता, "पुरे झालं, पुरे झालं," आणि कामिनी म्हणत होती, "हे एवढे चार राह्यले, टाका." चाराचे दहा झाले. फैजपूरच्या रस्त्याला एका खड्ड्यात गाडी आपटली आणि मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला. खाडकन आवाज झाला तो योगराजच्या पाठीतून गेला. तशीच कण्हत कुथत त्याने गाडी सावद्याला नेली, माल उतरवला, आणि मोडक्या पाट्याखाली लाकडाचा ठोकळा बसवून, दोरखंडाने आवळून परत आणली. आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. खाली उतरून त्याने नुसतं बोट दाखवलं. पिकअप मागून एका बाजूला खचली होती.

"हिच्यात आता माल नही टाकता येत," तो म्हणाला. "ठोकया निसटला त चाक आत घुसंल."

बांधावर सोडवलेल्या घडांची रांग लागली होती. निम्म्याहून जास्त माल अजून तिथेच होता. त्यावर कामिनीने केळीची पानं झाकली होती आणि पानं करपून कागदासारखी वाजत होती.

"ट्रॉली जोडा," कामिनी म्हणाली.

योगराजने तिच्याकडे पाहिलं. "पिकअपले? ट्रॅक्टरची ट्रॉली?"

"भुसावळले तुम्ही जनरेटरची गाडी ओढत नव्हते का? हूक त हाये मांगं."

हूक होता. योगराजने तो मागे कधीतरी वेल्डिंग करून घेतला होता. त्याने हूक हलवून पाहिला आणि तो गवतातून ट्रॉली ओढायला गेला. चौघांनी मिळून ती ढकलत आणली. दोन चाकांची ट्रॉली, मधोमध आस, पुढे लांब लोखंडी दांडी. दांडी हुकात बसवली, खिट्टी मारली. खिट्टीवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून विहिरीवरची साखळी आणून दांडीला आणि गाडीच्या चासीला गुंडाळली. ते होईपर्यंत आबाने भरायला सुरुवात केली होती.

घड उचलणं म्हणजे अंगावर मूल घेण्यासारखं असतं, फक्त हे मूल चीक गाळतं. कामिनीच्या खांद्यावर गोणपाटाची घडी होती, तरी चीक आत उतरून तिच्या मानेला चिकटला होता. त्यावर घाम, घामावर माती. बेबाबाई वाकली की तिच्या गुडघ्यातून आवाज यायचा. ट्रॉलीत उभा राहून आबा एकेक घड हातातून घ्यायचा, पानांच्या थरावर नीट निजवायचा. आणि निजवायचा मागे. मोठे, लांब फण्यांचे, बागेतले एक नंबर घड सगळे मागच्या फाळक्याला लागून.

यात त्याची दोन कारणं होती. एक तर सगळ्या पट्ट्यातली रीतच ती. व्यापाऱ्याचा माणूस फाळका उघडतो आणि तोंडाशी दिसेल त्यावरून सगळ्या ट्रॉलीची लायकी ठरवतो. म्हणून चांगला माल तोंडाला, बारका आत. दुसरं कारण आबाच्या हाडात होतं. तो जन्मभर बैलगाडी भरत आला होता. गाडीत वजन पुढे गेलं की ते बैलांच्या मानेवर बसतं. गाडी धुरजड होते, बैल घशात ओरडतात. मागे गेलं की जू वर उचलतं. त्याला म्हणायचं गाडी उलाळ झाली. शहाणा गाडीवान मधोमध भरतो, आणि मायाळू गाडीवान बोटभर मागे. आबा मायाळू होता. बैलाच्या मानेला सूज आली की तो स्वतः जेवायचा नाही.

"आबा, वजन पुढी घ्या," योगराज म्हणाला. "मोठे घड पुढी."

"कायले?"

"हुकावर दाब पाह्यजे."

आबा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तुह्या गाडीचा पाटा मोडेल. म्हंजे मान सुजेल बैलाची. त्या मानेवर आनखी वजन देऊ? येडा का खुया तू?"

"आबा, बैल मानेनं ओढते. ही मांगच्या चाकानं ओढते. मांगचं चाक जमिनीले दाबलंच नही त ते ओढंल काय? कपाय?"

"मले शिकवू नको. सकायी शिकेल माणसानंच पाटा मोडला."

हे लागलं. योगराजचा चेहरा असा उतरला, की दुसऱ्या कुठल्या दिवशी कामिनीचं काळीज तुटलं असतं. पाटा त्याने मोडला नव्हता, 'हे एवढे चार' म्हणणारीने मोडला होता, आणि ती तिथेच उभी होती. पण ती त्याच्या बाजूने बोलली नाही. तिने सूर्याकडे पाहिलं. तो बागेच्या डोक्यावरून सावद्याच्या बाजूला झुकायला लागला होता.

"आबा म्हनतात तसं भरू द्या," ती म्हणाली. "आता काढ-घाल करत बसलो त ट्रक जाईन. चला."

योगराजने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. भांडला असता तर बरं झालं असतं.

फाळका लागला, खिट्ट्या बसल्या. आबा ट्रॉलीत मागच्या टोकाला, आपल्या एक नंबर घडांवर हात ठेवून. बेबाबाई पिकअपच्या मोकळ्या हौद्यात, आणि कामिनी पुढे योगराजशेजारी. सपाट रस्त्यावर गाडी निघाली तेव्हा सगळं ठीक वाटलं. मग ट्रॉली हळूच डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि तिच्यामागोमाग पिकअपची शेपटी. कुणी मागून खांद्याला धरून हलवावं तसं. योगराजने ब्रेक दाबला नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हेलकावे हळूहळू थांबले.

"हे पाह्यलं?" तो म्हणाला. "मांगं हाये बठ्ठं वजन. थांबवतो. मोठे घड पुढी घेऊ."

"हळू चला ना. हळू चाललं की नही हालत."

"कामिनी, पुढी नाल्याचा चढ हाये."

"चढ त रोजच हाये!" ती ओरडली. आपण ओरडलो हे तिलाही कळलं, पण शब्द थांबेनात. "तुमाले नकोच व्हती ना ही केयी? पह्यल्यापासून नको व्हती. मंग राहू द्या, सोडा अठीच रस्त्यावर!"

तो थांबला नाही. बायकोच्या अशा बोलण्यानंतर कुठला नवरा गाडी थांबवून वजनाचं गणित मांडतो? हळू चालवत राहिला, इतकी हळू की सायकलवाले पुढे गेले.

खडकी नाल्याला फरशी पूल आहे. पाणी नाही, नुसते धोंडे, म्हशीएवढाले. पुलापलीकडे रस्ता वळत वर चढतो आणि चढाच्या एका कडेला कठडा नाही, खाली तेच धोंडे. जड गाडी चढवायची असली की माणसं खाली उतरतात आणि एकजण हातात दगड घेऊन चाकाच्या मागे चालतो. गाडी अडली की दगड चाकाखाली. हे काम तिथे कुणाला सांगावं लागत नाही. योगराजने पुलावर गाडी थांबवली, तिघं उतरले. कामिनीने नाल्यातला एक चांगला चपटा दगड पाहून उचलला. इतका जड, की पोटाशी धरावा लागला.

"चाकाच्या मांगं सरय नको चालू. बाजूनं चाल," योगराज खिडकीतून म्हणाला. "आबा, तुम्ही फाळक्यापासी राहा. मी हाक दिली त फाळका सोडजा. समजलं का? सोडून देजा."

"चाल, चाल," आबा म्हणाला.

गाडी चढाला लागली. इंजिन रडत होतं. निम्मा चढ झाला आणि कामिनीने पाहिलं, ट्रॉलीचं मागचं टोक खाली बसत चाललंय आणि पुढची दांडी वर उचलतेय. दांडीबरोबर पिकअपची शेपटी वर आली. मागची चाकं गरगरा फिरायला लागली. जमिनीला नुसती घासत होती, धरत नव्हती. जळक्या रबराचा वास आला. गाडी थांबली. आणि मग, अगदी सावकाश, मागे यायला लागली.

पुढची चाकं ब्रेकने आवळलेली, तशीच घसरत. ट्रॉली तिरकी झाली. तिरकी होत कठडा नसलेल्या कडेकडे सरकायला लागली, आणि आपल्यामागे गाडीला ओढायला लागली.

कामिनीने ट्रॉलीच्या चाकामागे दगड टाकला. चाक दगडावर चढलं, थांबलं, आणि दगडच डांबरावरून खरडत मागे आला. ती खाली बसली, दोन्ही हातांनी दगड रेटला, मग टाच लावली. टाचेमागे रस्त्याच्या कडेचा धोंडा होता, म्हणून पाय टिकला. आणि मग तिचा पाय दगड नि धोंड्याच्या मधे सापडला. दगडावर चाक होतं आणि चाकावर सगळी ट्रॉली होती.

"फाळका!" योगराज ओरडला. "आबा, फाळका सोडा! फाळका!"

आबाचा हात खिट्टीवर होता. कामिनीला खालून सगळं दिसत होतं. त्याचा हात, हातावरच्या चिकाच्या काळ्या रेघा. खिट्टी ओढायची होती फक्त. आबाने घडांकडे पाहिलं. मग त्याने खाली, तिच्याकडे पाहिलं. मग परत घडांकडे.

"आबा!"

तो नुसता उभा.

बेबाबाई कुठून आली ते कामिनीला कळलंच नाही. आयुष्यभर नवऱ्यापुढे आवाज न केलेल्या त्या बाईने त्याला खांद्याने असं ढकललं, की तो कडेच्या गवतात जाऊन पडला. तिने दोन्ही खिट्ट्या ओढल्या आणि बाजूला झाली. फाळका धाडकन खाली आला आणि त्याच्यामागे घड. एकावर एक, लोंढा लागल्यासारखे. बागेतले एक नंबर, रस्त्यावर, उतारावरून गडगडत, आपटत, फुटत, कडेवरून खाली धोंड्यांवर. ट्रॉलीची दांडी वरून खाली आदळली. पिकअपची चाकं जमिनीला टेकली, गाडीने हिसका खाल्ला आणि उरलेला माल घेऊन ती एका दमात चढावर गेली.

कामिनीचा पाय मोकळा झाला. दुखेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि मग दुखलं.

योगराज वरून धावत आला. तिचा पाय पाहून तो खालीच बसला. दोन बोटं चेचली होती, नख उलटं झालं होतं, रक्त डांबरावर उतरत होतं. त्याने डोक्याचं फडकं सोडून पायाला गुंडाळलं. गाठ दोनदा सुटली.

"चाल. फैजपूरले नेतो. दवाखान्यात."

"पह्यले सावदा."

"कामिनी..."

"पह्यले सावदा! अर्धी ट्रॉली हाये अजून. ट्रक सुटंल. मी अठी बसते, आबा अन अक्का चांगले घड येचतीन. तुम्ही खाली करून या, मंग एक चक्कर आनखी बसंल. जा म्हणते ना!"

योगराज गेला. रागाने नाही, हुकूम ऐकल्यासारखा गेला. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा कामिनी बाभळीच्या विरळ सावलीत सरकून बसली.

आबा घड वेचत होता. ज्याच्या फण्या शाबूत असतील तो उचलायचा, कडेला मांडायचा. फुटलेला पाहिला की थांबायचा आणि त्याच्यावरून हात फिरवायचा. एक मोटारसायकलवाला थांबला, मागे त्याची बायको होती.

"काय भाऊ, विक्रीले हाये का? कशी दिली फणी?"

बेबाबाई खालच्या धोंड्यांत उतरली. त्याने एक तुटलेली फणी उचलली, कुणी काही म्हणतं का पाहिलं, पिशवीत घातली आणि निघून गेला.

कामिनीच्या पायात ठणका चढत होता, आणि त्याच्याबरोबर संतापही चढत होता. शेवटी तिच्याने राहवेना.

"आबा, तुम्ही थांबले."

आबाच्या हातात घड होता. तो त्याने खाली ठेवला.

"मी चाकाखाली व्हते. तुमाले दिसत व्हते मी."

"दिसत व्हती."

"मंग?"

म्हातारा तिच्यासमोर मातीत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने पुसलं नाही. "हात उठेना, पोरी. खोटं कायले बोलू? एवढी मोठी केयी मी जन्मात पाह्यली नव्हती. म्हटलं दगड धरंल. म्हटलं थोडं थांबू, धरंल."

"अन नसता धरला त?"

"नसता धरला त..." त्याने खाली ठेवलेला घड जवळ ओढला.

तिला त्याला खूप काही बोलायचं होतं. कसाई म्हणायचं होतं. बैलाच्या मानेची एवढी माया, आणि सून चाकाखाली असताना हिशेब करत बसलात, असं म्हणायचं होतं, आणि म्हणायचा हक्कही होता तिला. तेवढ्यात पदराच्या गाठीत फोन वाजला. योगराज होता.

"घेतला का माल?" ती म्हणाली.

"कामिनी..."

"सांगा ना! घेतला का हितेंद्रनं?"

"घेतला. शेवटचाच घेतला आपला. भरला ट्रक."

"म्हंजे आनखी एक चक्कर नही बसत? त्याले म्हना, अठी चांगले घड हायेत, उचलून ठेवले..."

"भरला ट्रक, कामिनी." मागे कुणीतरी ताडपत्रीचे दोर ओढत होतं, त्याचा आवाज येत होता. "बरं. येतो मी," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

बेबाबाई खालच्या धोंड्यांतून एक घड खांद्यावर घेऊन वर येत होती. तिने तो टाकला. धापा टाकत विचारलं, "योगराज व्हता? कसा हाये तो?"

"माल घेतला म्हणे, अक्का."

"मी मालाचं नही इचारलं."

कामिनीने हातातल्या फोनकडे पाहिलं. तो कसा आहे हे तिने विचारलंच नव्हतं. आताच नाही, मघाशीसुद्धा, दगड रेटताना. धोंड्याला टाच लावून ती जेव्हा जीव खाऊन दगड रेटत होती, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे केळी होती, भुसावळच्या खोल्या होत्या, लीलाधरचे हसणारे मजूर होते. गाडीत नवरा बसलाय, ब्रेकवर उभा राहून ओरडतोय, कडेला कठडा नाही, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. तिला ते आत्ता कळलं.

बेबाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मातीत बसलेल्या नवऱ्याकडे.

"केव्हापासून आयकू राह्यली मी," ती म्हणाली. "हा म्हणे केयी, तू म्हणे मी चाकाखाली. माहा पोऱ्या गाडीत व्हता. गाडी खाली गेली असती त तो गेला असता. अन तुम्हा दोघाच्या तोंडातून त्याचं नाव निघालं नही."

तिने पदर कमरेला खोचला आणि चढावर चालायला लागली.

"कुठी चालली?" आबाने विचारलं.

ती थांबली नाही. सावदा तिथून किती लांब हे तिलाही ठाऊक होतं, आणि तिच्या पायात चप्पलही नव्हती, ती खालच्या धोंड्यांत कुठेतरी राहिली होती. डांबर तापलेलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आबा उठायला गेला आणि पुन्हा बसला. कामिनीने बाभळीचा बुंधा धरला, एका पायावर उभी राहिली आणि लंगडत सासूच्या मागे निघाली. रस्त्यावरचे घड तसेच पडून होते.